उंबरकोंडच्या विहिरीचा तळ

श्री. दिनकरराव पेठकर यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या खात्याच्या कर्जतच्या कचेरीत, मोरीपाशी, बाह्या वर सारून बाटल्या धुताना. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे पाणीतपासणीच्या कामावर रुजू व्हायला आले होते. साहेबांच्या शेजारी शिपाई टॉवेल घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पडलेला होता. मला पाहताच तो म्हणाला, "बाई, आता तुम्हीच सांगा साहेबांना. लोकांना वाटतं मला काढून टाकलंय."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिले. नाव, गाव, कुठल्या कॉलेजच्या, यातले काही विचारले नाही. "नमुन्याची बाटली शेवटी कशानं विसळाल?" एवढेच विचारले.

"ज्या विहिरीचं पाणी घ्यायचं, तिच्याच पाण्यानं," मी म्हटले.

"मग ऑर्डर टेबलावर ठेवा आणि या पालथ्या घाला."

मुलाखत संपली. त्या दिवसापासून ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली काम केले. आता त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे आणि संपादक मंडळाने मला 'साहेबांच्या व्यक्तिमत्त्वाचे पैलू' उलगडायला सांगितले आहे. पैलू हिऱ्याला असतात. साहेबांनी आयुष्यभर काळ्या खडकाचे काम केले. मी त्यांचे एकच काम नीट सांगणार आहे. त्यात त्यांचे जे काही आहे ते सगळे आले.

आधी थोडे खडकाविषयी, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. कर्जत-खालापूरला पावसाची ददात नाही. तरी चैत्र उजाडला की बायका हंडे घेऊन ओढ्याच्या पात्रात खड्डे उकरतात. बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटते. कारण साधे आहे. आपला खडक पाणी पोटात धरून ठेवत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि 'मांजऱ्या' म्हणतात त्या जाळीदार, पिचलेल्या थरात. मांजऱ्याच्या खाली बहुधा अखंड कातळ असतो. मुरलेले पाणी त्या कातळावर अडते आणि उताराने आडवे सरकत जाते. ते जाताना विहिरीला भेटले तर विहीर भरते. चार हात अलीकडे-पलीकडे खणले तर कोरडी.

कचेरीत नवा माणूस आला की साहेब त्याला ठाकुरवाडीच्या थांब्यावर घेऊन जात. तिथे घाटात रुळांसाठी डोंगर कापला आहे आणि खडकाचे थर उघडे पडले आहेत. साहेब म्हणत, "व्याख्यान नंतर. आधी हात लावा." हात फिरवत गेले की कळे, वरचा थर कोरडा, खालचा कोरडा, आणि दोहोंमधल्या बोटभर फटीत ओल. मीही तिथे हात लावला. इतर साहेब नकाशा दाखवून जे सांगत ते विसरायला होई. ती ओल विसरायला झाली नाही.

त्या काळी खात्यात बाईमाणसाने खेडोपाडी हिंडायची रीत नव्हती. पहिल्या काही फेऱ्यांना जीपमध्ये मागे साहेबांच्या पत्नी कमलताई विणकाम घेऊन बसलेल्या असत. मला ते आवडले नाही. मी साहेबांना स्पष्ट सांगितले, "मला राखणदार नको."

"राखण तुमची नाही, माझी आहे," साहेब म्हणाले. "गावात लोक तुम्हाला काही बोलणार नाहीत, तुमचा चेहराच तसा आहे. बोलतील ते मला."

कमलताई हसल्या आणि त्यांनी डब्यातला लाडू माझ्यापुढे केला. पुढे गावे मला ओळखू लागली तसे त्यांनी येणे आपण होऊन थांबवले. तोवर माझ्यासाठी विणलेला स्वेटर पुरा झाला होता. मापे कधी घेतली ते मला आजही ठाऊक नाही.

आता उंबरकोंड. खालापूरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. चौक गावाहून आत वळले की जीपचा रस्ता संपतो आणि पुढे बांधावरून चालावे लागते. गावाच्या दोन आळ्या. वरच्या आळीत भातशेतीवाले, जमीनदार नव्हेत पण खाऊनपिऊन सुखी. खालच्या आळीत थोडक्या जमिनीवर आणि मजुरीवर जगणारे. दोन्ही आळ्यांना एकेक विहीर. वरच्या आळीने विहीर खोल करून मागितली, तेव्हा पाहणी साहेबांनी केली आणि सुरुंग लावून तळ खोल करावा अशी शिफारसही त्यांनीच केली. सुरुंग लागले. कातळ फुटला. वरच्या आळीने नारळ फोडला.

त्यानंतरच्या पौषातच खालच्या आळीच्या विहिरीत पोहरा खडकाला आपटू लागला. वरच्या विहिरीचे पाणीही झपाट्याने उतरत होते, पण तिथे अजून हंडे भरत होते. खालच्या आळीचे म्हणणे एकच होते की सुरुंगाने आमची विहीर मारली. वरच्या आळीचे म्हणणे की पाऊस लवकर गेला, त्याला सुरुंग काय करील? तक्रार कचेरीत आली. आम्ही गेलो, तेव्हा खालच्या विहिरीवर दोन्ही आळ्या जमल्या होत्या आणि वातावरण चांगलेच तापले होते.

वरच्या आळीचे पुढारी नारायण पाटील. मोठा आवाज, पण माणूस सरळ. ते म्हणाले, "सायेब, यांच्या हिरीत गाळ साठलाय. उपसायचा कंटाळा. आन् नाव आमच्या सुरुंगाचं."

खालच्या आळीतून चांगुणाबाई नावाच्या बाई पुढे आल्या. पदर खोचलेला, डोक्यावर रिकामा हंडा तसाच. "कंटाळा कुनाला रं नारायन? तुज्या लग्नाचं पानी या हिरीतून भरलंय मी. तवा गाळ नाय दिसला?"

लोक हसले. पाटीलही हसले. पण हंडा रिकामाच होता आणि वैशाख लांब होता. खालच्या आळीला ओढ्यापर्यंत उतरून पाणी वर आणायचे तर निम्मा दिवस जाई. मजुरीवर जगणाऱ्या घरात निम्मा दिवस म्हणजे निम्मे जेवण.

साहेबांनी ठरवले की मिठाची परीक्षा घ्यायची. वरच्या विहिरीत मिठाचे पाणी सोडायचे आणि खाली कुठे निघते ते पाहायचे. मीठ खालच्या विहिरीत आले, तर वाट शाबूत आहे, म्हणजे सुरुंगाचा दोष नाही. नाही आले, तर पाणी दुसरीकडे वळले. पेणकडच्या मिठागरातून खड्याच्या मिठाची पोती आणली. शिळफाट्यावर जीप बिघडली तेव्हा ती पोती रस्त्यावर मांडून आम्ही बसलो होतो आणि दोघातिघांनी भाव विचारला. साहेबांनी एकाला शेरभर मीठ फुकट दिले. मी खर्चाच्या कागदावर ते कसे दाखवायचे असे विचारले, तर म्हणाले, "लिहा, वाटेत विरघळलं."

पिंपात मीठ कालवून वरच्या विहिरीत सोडले. वरच्या आळीला काही दिवस दुसऱ्या पिंपांतून गोडे पाणी आणून पुरवले. मग मी खालच्या विहिरीचे नमुने घेत गेले. या तपासणीत पाण्यात एका द्रावणाचे थेंब सोडतात. पिवळे पाणी विटकरी व्हायला जितके थेंब जास्त, तितके मीठ जास्त. आरंभीचे नमुने रोजच्यासारखे होते. मग एके दिवशी मी थेंब सोडत राहिले आणि पाणी पिवळेच राहिले. खालच्या विहिरीत मीठ आले होते, आणि भरपूर आले होते.

पाटलांना आनंद झाला. आमच्या वरिष्ठांनाही झाला, कारण खात्यावरचा ठपका टळत होता. सर्वांत जास्त आनंद व्हायला हवा होता तो पेठकरसाहेबांना. शिफारस त्यांची होती आणि मिठाने त्यांना निर्दोष ठरवले होते. त्यांच्या बढतीचा विचार चालू होता, हेही कचेरीत सर्वांना माहीत होते. अहवालाचा मसुदा टंकून तयार होता. फक्त सही व्हायची होती.

साहेब मसुदा बाजूला सारून माझ्या आकड्यांकडे पाहत बसले. मग मला म्हणाले, "बाई, वरच्या विहिरीतल्या पाण्यापेक्षा खालच्या विहिरीतलं पाणी जास्त खारट आहे."

"माझी तपासणी चुकलेली नाही," मी म्हटले. मी तीनदा केली होती.

"तुमची चुकली नाही, म्हणूनच तर अडचण आहे. तुमची चुकली असती तर मी सही करून मोकळा झालो असतो. मीठ वाटेनं येताना पातळ होतं. दाट कसं झालं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही उंबरकोंडला गेलो. साहेब थेट खालच्या विहिरीवर गेले, काठावर बसले आणि चांगुणाबाईंना हाक मारली. "मावशी, विहिरीत कुणी काही टाकलंय का?"

"टाकलंय की," चांगुणाबाई म्हणाल्या. लपवाछपवी नाही, संकोच नाही. "तुमी वरल्या हिरीची दिष्ट काढलीत, मीठ टाकून. मंग आमच्या हिरीनं काय घोडं मारलंय? तिला तर खरी दिष्ट लागलीया. घरटी वंजळ वंजळ मीठ गोळा केलं. मिरच्या-मोहऱ्या ववाळून चुलीत टाकल्या. मीठ मातर हिरीत सोडलं, तुमी सोडलंत तसं."

मी संतापले. माझ्या कित्येक दिवसांच्या कामाचे मातेरे झाले होते. मी म्हटले, "एकदा विचारायचं तरी! सरकारी परीक्षा चालली आहे इथे."

"आमाला कुनी सांगितलं परीक्षा हाय म्हनून?" चांगुणाबाई म्हणाल्या. "आन् परीक्षा हिरीची व्हती का आमची?"

साहेब हसू लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बायकाही हसल्या. मग त्यांनी चष्मा पुसला आणि गंभीर होऊन मला म्हणाले, "त्या बरोबर बोलतात. गावाच्या पाण्यात पोत्यांनी मीठ ओतलं आणि का ओतलं ते सांगितलं नाही. मग त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला. तुम्ही-मी असतो तरी लावला असता."

त्याच दुपारी त्यांनी दोन्ही आळ्यांना मारुतीच्या देवळापुढे बसवले. कुणाच्या तरी घरून पाटा मागवला आणि जाळीदार घावणे करून आणायला सांगितले. लोकांना वाटले, साहेबांना भूक लागली. साहेबांनी पाट्यावर घावणे मांडले, पाटा एका अंगाने किंचित कलता केला आणि तांब्याने वरून पाणी सोडले. पाणी घावण्यांच्या जाळीत शिरले, पाट्यावर अडले आणि उताराने सरकत खालच्या टोकाशी ठिबकू लागले.

"हे घावणं म्हणजे तुमचा मांजऱ्या. हा पाटा म्हणजे कातळ. इथं वरची विहीर, इथं खालची. आता पाट्याला मधेच आरपार चीर पडली तर?"

"तर पानी चिरंतून खाली जाईल," मागून एक म्हातारा म्हणाला. "खालच्या हिरीला काय मिळतंय!"

"आणि वरच्या?"

म्हाताऱ्याने मान उंचावून पाट्याकडे पाहिले. "तिचं बी जाईल. ऊन चढंल तसं."

नारायण पाटील सावरून बसले. हा विचार त्यांनी केला नव्हता.

"तशी चीर पडली असेल, तर ती माझ्या शिफारशीनं पडली," साहेब म्हणाले. "पडली आहे की नाही, ते पाहायला परत मीठ घालायचंय. या वेळी मीठ फक्त आम्ही घालू. आणि मावशी, दृष्ट काढायची असेल तर माझी काढा. विहिरीची नको."

सरकारी अधिकारी गावापुढे असे बोललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतरही फारसा नाही.

खालची विहीर उपसली. पुन्हा झरून पाणी साधे झाल्याची मी खात्री केली. पुन्हा मीठ आणले. या खेपेला चांगुणाबाई आणि त्यांच्या आळीतल्या बायका पाळीपाळीने विहिरीवर बसून राहिल्या, कुणी काही टाकू नये म्हणून. साहेबांनी मला खालच्या विहिरीखेरीज ओढ्यातल्या एका झऱ्याचेही नमुने घ्यायला लावले. हा झरा गावाच्या पुष्कळ खाली होता आणि पूर्वी पौषात आटत असे, असे गुराखी सांगत. त्या वर्षी तो वाहत होता. खालच्या विहिरीत मीठ आले नाही. झऱ्याच्या पाण्यात आले. थेंबांमागून थेंब गेले तरी पिवळे पाणी विटकरी होईना. पुन्हा शंका नको म्हणून मी नवे द्रावण करून तपासले. तेच.

मी साहेबांना कागद दिला. त्यांनी तो वाचला आणि "बरं झालं, कळलं," एवढेच म्हणाले.

वरिष्ठांनी त्यांना बोलावून घेतले. मी शेजारच्या खोलीत होते आणि मधली भिंत फळ्यांची होती. "पेठकर, पाऊस कमी होता हेही खोटं नाही. तेवढंच लिहा ना," वरिष्ठ समजुतीच्या सुरात म्हणत होते. "आता कुठे तुमचं नाव वर चाललंय."

"पाऊस कमी होता असं लिहिलं तर पुढच्या पावसाची वाट पाहतील," साहेब म्हणाले. "पाऊस येईल आणि त्याच भोकातून जाईल."

त्यांनी अहवालात शिफारस आपली होती आणि ती चुकली, असे साध्या वाक्यात लिहिले. तळ बुजवून घ्यावा, अशीही मागणी केली. बढती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. पुढे ती आली, पण फार उशिरा. यावर साहेबांचे भाष्य मी कधी ऐकले नाही. कमलताईंचे ऐकले. "बदली टळली," त्या म्हणाल्या. "मला कर्जतची हवा मानवते."

खरी अडचण पुढेच होती. वरच्या आळीला आपली खोल केलेली विहीर पुन्हा उथळ करून हवी होती थोडीच! नारायण पाटील म्हणाले, "सायेब, खनायला सरकार पैसं देतंय ते आयकलंय. बुजवायला कोन देतो? आन् लोक काय म्हनतील, वरल्या आळीनं हिर खनून हिर बुजवली?"

साहेबांनी वाद घातला नाही. ते पाटलांना ओढ्यावर घेऊन गेले. "पाणी चाखा," म्हणाले. पाटलांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. मग पुन्हा ओंजळ भरून घेतली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. ते झरते पाणी ओढ्यातून वाहत जात होते आणि ते कुणाच्याच उपयोगाचे नव्हते. वर देवळापाशी आल्यावर पाटलांनी आपल्या आळीला सांगितले, "पानी आपलंच हाय. आपुनच सांडतोय. उद्यापासून टोपल्या घ्या."

सिमेंट मिळवायला साहेबांनी किती हेलपाटे घातले ते लिहीत बसत नाही. खात्यात विहीर बुजवण्यासाठी काही तरतूदच नव्हती. शेवटी 'तळदुरुस्ती' या शब्दाने काम भागले. चिरेत सिमेंट भरले, वर चिकणमाती कुटून बसवली. खाली उतरून साहेबांनी स्वतः चिरेत हात घालून पाहिले. दोन्ही आळ्यांची माणसे टोपल्या देत होती आणि एकमेकांची चेष्टा करत होती. चांगुणाबाई काठावरून ओरडत होत्या, "नारायना, नीट भर रं! परत सायबाला मीठ आनाया लागू नये!"

पुढच्या वैशाखात खालच्या विहिरीत पोहरा बुडत होता. पूर्वीइतके पाणी आले नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण या ग्रंथात सगळे गोडच लिहिले जाईल अशी मला धास्ती आहे. फुटलेला कातळ पूर्णपणे सांधता येत नाही. पण ओढ्यापर्यंतची पायपीट संपली. आमच्या दोन्ही तालुक्यांत तेव्हापासून तळाला सुरुंग लावण्याआधी खालच्या अंगाच्या विहिरी पाहण्याचा, आणि कुठलीही परीक्षा गावाला आधी सांगण्याचा प्रघात पडला. तो हुकमाने पडला नाही. साहेब प्रत्येक नव्या माणसाला उंबरकोंडची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगत. आपली चूक ते इतक्या तपशिलाने सांगत की ऐकणारा अवघडून जाई. मी एकदा विचारले, "दर वेळी सांगायलाच हवं का?"

"यश सांगितलं की ते टाळ्या वाजवतात," साहेब म्हणाले. "चूक सांगितली की प्रश्न विचारतात."

निवृत्त झाल्यावरही साहेब दर वैशाखात उंबरकोंडला जातात. एरवी सोबत कुणी नसते. चौकला उतरतात, बांधावरून चालत जातात आणि खालच्या विहिरीत मोजपट्टी सोडतात. गेल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होते. चांगुणाबाई आता काठीने चालतात. साहेबांना विहिरीवर वाकलेले पाहून त्या म्हणाल्या, "आता किती वर्सं मापनार सायेब? पानी हाय. आमी पितो, आमाला ठावं हाय."

"तुम्ही पिता म्हणून विश्वास आहे, मावशी," साहेब म्हणाले. "पण मी मोजलं नाही तर मला जेवण जात नाही."

"मंग मापा आन् जेवाया चला. किती वर्सं झाली, मोजताय आन् उपाशी जाताय."

साहेब जेवायला थांबले. एवढ्या वर्षांत प्रथमच थांबले, असे मला नंतर कमलताईंकडून कळले. आपल्या चुकीने ज्यांची विहीर आटली त्यांच्या घरी आपण पाणी मागून प्यावे की नाही, याविषयी त्यांच्या मनाचा निकाल तोवर लागला नव्हता. त्या दिवशी चांगुणाबाईंच्या सुनेने भरून दिलेला तांब्या त्यांनी रिकामा केला आणि आणखी मागितला.

पेठकरसाहेबांना साठ वर्षे पुरी होत आहेत. उंबरकोंडच्या बांधावरून चालताना हल्ली त्यांचे गुडघे कुरकुरतात. त्या गुडघ्यांना अजून पुष्कळ वैशाख पेलण्याचे बळ मिळो. कमलताईंची सोबत त्यांना लाभत राहो. आणि दर खेपेस खालच्या आळीच्या विहिरीत त्यांनी सोडलेली मोजपट्टी ओली होऊन वर येवो. यापेक्षा मोठे काही त्यांच्यासाठी मागितले, तर ते मला रागावतील.